मेंदूभोवतीचं जुनं रक्त : ऑपरेशन टळू शकतं, स्कॅन टाळू नका

शिरूरकडच्या एखाद्या वस्तीवर गोठ्यात पाय घसरतो, नाहीतर दौंड स्टेशनच्या जिन्यावर तोल जातो. टेंगूळ येतं, उतरतं, घरातले विसरतात. तीन-चार आठवड्यांनी मात्र सत्तरीतले आजोबा अडखळत चालतात, हातातला कप निसटतो, भर दिवसा गुंगी येते. ‘क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा’ असाच येतो. मेंदूच्या जाड आवरणाखाली रक्त हळूहळू साचत जातं. वयानुसार मेंदू आक्रसतो आणि आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात, म्हणून किरकोळ मारही पुरतो.

गैरसमज : ‘वय झालं’, ‘अंगावरून वारं गेलं’.

सर्वांत जास्त नुकसान याच समजुतीने होतं. म्हातारपणाचा विसराळूपणा किंवा लकवा समजून माणसाला मालिशवाल्याकडे नेतात. स्कॅन न करताच लकव्याची म्हणून ॲस्पिरिन सुरू झाली, तर रक्तस्राव आणखी वाढू शकतो. साधा सीटी स्कॅन हे रक्त काही मिनिटांत दाखवतो आणि वेळेत उपचार झाले तर माणूस बहुधा पुन्हा पूर्वीसारखा चालू-बोलू लागतो. मार लागला त्या दिवशीचा स्कॅन चांगला होता, एवढ्यावर निर्धास्त राहू नका; हे रक्त नंतर साचतं.

गैरसमज : डोक्यात रक्त म्हणजे कवटी उघडावीच लागणार.

नाही. साचलेलं रक्त थोडं असेल आणि त्रास नसेल, तर न्यूरोसर्जन ठरावीक दिवसांनी पुन्हा स्कॅन करून लक्ष ठेवतात. पुष्कळदा शरीर ते रक्त स्वतःच शोषून घेतं. ऑपरेशन लागलं तरी सहसा कवटीला एक-दोन छिद्रं पाडून रक्त काढतात आणि दोन दिवस नळी ठेवतात. २००९च्या ब्रिटिश चाचणीत नळी ठेवल्यामुळे रक्त पुन्हा साचण्याचं प्रमाण २४ टक्क्यांवरून सुमारे ९ टक्क्यांवर आलं.

गैरसमज : गोळ्यांनी रक्त विरघळतं.

साचलेल्या रक्ताभोवती एक पडदा तयार होतो आणि त्यातल्या नाजूक नव्या रक्तवाहिन्या पुन्हा पुन्हा पाझरतात. औषधं शोधली जातात ती हा पाझर थांबवण्यासाठी. ॲटोर्वास्टॅटिनचा फायदा २०१८च्या चिनी चाचणीत दिसला, पण ऑपरेशनची तातडी नसलेल्या रुग्णांतच. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची ब्रिटनमध्ये ७४८ रुग्णांवर चाचणी झाली. २०२०च्या निष्कर्षानुसार दुसरं ऑपरेशन कमी लागलं, तरी एकंदर प्रकृती स्टेरॉइड न घेतलेल्यांचीच बरी राहिली. म्हणून ‘हमखास औषध’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

गैरसमज : नव्या कॅथेटर उपचारामुळे आता ऑपरेशनच नको.

पाझरणाऱ्या पडद्याला रक्त पुरवते ती मिडल मेनिंजिअल धमनी. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी तिथवर नेऊन ती धमनी बंद करतात. नोव्हेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ४०० रुग्णांच्या चाचणीत, ऑपरेशनला या उपचाराची जोड दिल्यावर पुन्हा ऑपरेशनची वेळ ४.१ टक्के रुग्णांवर आली. नुसत्या ऑपरेशननंतर ती ११.३ टक्के रुग्णांवर आली होती. मोठा फरक आहे. पण हा फायदा ऑपरेशनसोबतचा आहे. ऑपरेशनऐवजी हाच उपचार केला तर काय, याचा पुरावा अजून इतका पक्का नाही. शिवाय धमनी बंद केल्यावर रक्त जिरायला आठवडे लागतात. मेंदू दबून शुद्ध हरपत असलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. त्याचं रक्त लगेच काढावं लागतं. धमनी बंद करण्यात क्वचित लकवा किंवा दृष्टी जाणं असे धोकेही असतात.

गैरसमज : रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या लगेच बंद कराव्यात.

हृदयात स्टेंट किंवा कृत्रिम झडप असेल, तर स्वतःच्या मनाने गोळी थांबवणंही जिवावर बेतू शकतं. कोणती गोळी, किती दिवस थांबवायची, हे हृदयाचे डॉक्टर आणि न्यूरोसर्जन मिळून ठरवतात.

शिरूर आणि दौंडहून पुणं सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर आहे. त्यामुळे झोपाळूपणा वाढला, उलट्या झाल्या, एक हात-पाय लुळा पडला किंवा फिट आली, तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करा. जुने स्कॅन आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. आणि पडल्याला महिना झाला असला, तरी ते पडणं डॉक्टरांना आवर्जून सांगा.