नेटसीडीएफ फाईलमध्ये अ‍ॅरेची नोंद : पर्जन्यमानाच्या आकडेवारीचे उदाहरण

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे कार्यालयाने तयार केलेली दैनंदिन पर्जन्यमानाची आकडेवारी १९०१ पासून पाव अंशाच्या जाळीवर उपलब्ध आहे. अक्षांशाचे १२९ व रेखांशाचे १३५ बिंदू धरता एका वर्षाचा त्रिमितीय अ‍ॅरे सुमारे ६३.५ लाख संख्यांचा होतो. सी भाषेतील एफराइट या फंक्शनने तो फाईलमध्ये लिहिता येतो. परंतु कोणती मिती कशाची, एकक कोणते, याची नोंद तीत राहत नाही. नेटसीडीएफ लायब्ररी हे वर्णन आकडेवारीसोबतच साठवते.

एनसी_क्रिएटने फाईल निर्माण करून एनसी_डेफ_डिम व एनसी_डेफ_व्हार यांनी मिती व चले घोषित करावयाची असतात. एनसी_एंडडेफनंतर एनसी_पुट_व्हारा_फ्लोटने मूल्ये लिहिली जातात. या फंक्शनला प्रत्येक मितीचे आरंभस्थान व मूल्यांची संख्या द्यावी लागते आणि घोटाळा होतो तो येथेच. ढाणकी (ता. उमरखेड) परिसरासाठी १९.५० उत्तर, ७७.७५ पूर्व हा बिंदू घेऊ. जाळी ६.५० उत्तर, ६६.५० पूर्व येथून सुरू होत असल्याने, शून्यापासून मोजता, त्याचे अक्षांशस्थान ५२ व रेखांशस्थान ४५ येते. या एकाच बिंदूचे मूल्य दुरुस्त करताना स्थानांची अदलाबदल झाली, तर ढाणकीचा पाऊस तेलंगणात, वरंगळच्या दक्षिणेस नोंदला जातो. दोन्ही स्थाने मर्यादेत असल्याने फंक्शन यशाचाच संकेत देते. कपाशीच्या पेरणीच्या अभ्यासात असे मूल्य शिरल्यास ते सहसा ध्यानातही येत नाही. त्याच उलट क्रमाने वाचून पडताळणी केली, तर चूक झाकलीच जाते. म्हणून एनसी_क्लोजनंतर फाईल पुन्हा उघडून, अक्षांश-रेखांशांच्या चलांतूनच स्थान शोधून मूल्य ताडून पाहावे.