ताडोबा, लिंबू आणि दहा फुटांवरची कडी

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारची भिंत गेले वर्षभर खराब होत आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला माझी नात तिथे पाठ टेकून ताठ उभी राहते आणि मला तिच्या डोक्यावर फूटपट्टी ठेवून पेन्सिलीने रेघ मारायला लावते. बारा महिन्यांच्या बारा रेघा एकमेकींवर बसून आता एकच जाड रेघ झाली आहे. पाच फूट एक इंच! आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की अठराव्या वर्षी मुलीने वाढवायची ती अक्कल. उंचीसाठी भिंतीचा रंग घालवण्यात अर्थ नाही.

पण नातीचे दुःख निराळे आहे. गेल्या वर्षी ती कॉलेजच्या बास्केटबॉल संघाच्या निवडीला गेली होती. चेंडू तिच्या हाताला चिकटल्यासारखा राहतो, हे मी आजोबा म्हणून सांगत नाही. तरुणपणी मीही हा खेळ खेळलो आहे. तरी तिच्या नावापुढे दोनच शब्द पडले, ‘उंची कमी’. त्या रात्री तिने मला सरळ विचारले, “आबा, खरं सांगा. उंच खेळाडू नसतील तर टीम जिंकूच शकत नाही का?”

प्रश्न साधा होता, पण माझ्या घशाशी घास अडकला. कारण पन्नास वर्षांपूर्वी हेच दोन शब्द मी माझ्या हाताने दुसऱ्या एकाच्या नावापुढे लिहिले होते.

ती हकीगत सांगण्याआधी वाचकांना या खेळातला उंचीचा हिशेब थोडा समजावून सांगतो. १८९१ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने, थंडीत दाराआड कोंडलेल्या विद्यार्थ्यांसाठी हा खेळ काढला. व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून टोपली दहा फुटांवर आली. टोपली जाऊन लोखंडी कडी आली, जाळी आली, पण ते दहा फूट आजही तसेच आहेत. त्या कठड्याची उंची बेताचीच होती म्हणून जगातल्या उंच माणसांचे भाग्य उजळले, असे म्हटले तरी चालेल!

कारण उघड आहे. कडीच्या जितके जवळून फेकावे, तितका नेम सोपा. शिवाय हुकलेला प्रत्येक चेंडू कडीच्याच आसपास खाली येतो. तो आधी कोणाच्या हाती लागणार? ज्याचा हात वर, त्याच्या. नेम शिकवता येतो, पळणे शिकवता येते, उंची मात्र कोणत्याही गुरूला शिकवता येत नाही.

म्हणूनच नियम करणाऱ्यांनी आयुष्यभर उंच माणसांच्या मागे धावायचे काम केले आहे. जॉर्ज मायकन हा सहा फूट दहा इंचांचा आणि बॉब कर्लंड हा सात फुटांचा, असे दोन कॉलेजवीर कडीत पडू लागलेला चेंडू वरच्यावर झेलून टाकीत. म्हणून १९४४ साली तसे करण्यास बंदी आली. तरीही कर्लंडच्या कॉलेजने १९४५ आणि १९४६ अशी दोन वर्षे अजिंक्यपद मिळवलेच. पुढे मायकन धंदेवाईक खेळात गेल्यावर कडीखालची राखीव पट्टी सहा फुटांची बारा फूट करण्यात आली, म्हणजे उंच गड्याने तिथे ठाण मांडू नये. सात फूट दोन इंचांच्या लू अल्सिंडरने, म्हणजे नंतरच्या करीम अब्दुल-जब्बारने, १९६७ ते १९६९ ही तिन्ही वर्षे आपल्या कॉलेजला अजिंक्यपद मिळवून दिले. त्याच सुमारास कडीत वरून चेंडू कोंबण्यावरही बंदी आली आणि ती १९७६ पर्यंत टिकली.

इतके ऐकून नातीचा चेहरा पार उतरला. “म्हणजे माझं काही खरं नाही,” ती म्हणाली.

“थांब,” मी म्हटले, “आता दुसरी बाजू ऐक.” अल्सिंडर यायच्या आधी, १९६४ साली, त्याच लॉस एंजेलिसच्या कॉलेजने तीसच्या तीस सामने जिंकले. त्यांच्या पहिल्या पाचांत साडेसहा फुटांचाही कोणी नव्हता. अंतिम सामन्यात समोर ड्यूक विद्यापीठाचे दोन गडी सहा फूट दहा इंचांचे! जॉन वूडन या गुरूने आपल्या पोरांना मैदानभर पाठलाग करायला शिकवले होते. समोरच्याला चेंडू कडीपर्यंत नेताच आला नाही, तर त्याची उंची काय लोणच्याला घालायची? सामना त्यांनी ९८–८३ असा जिंकला.

१९५७ च्या अंतिम सामन्याची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. कॅन्ससच्या बाजूला सात फुटांहून उंच विल्ट चेंबरलेन. सुरुवातीला पंच चेंडू वर उडवतो आणि दोन्ही बाजूंचा एकेक गडी त्यासाठी उडी मारतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या गुरूने त्या ताडाच्या झाडासमोर आपला सगळ्यांत बुटका गडी नेऊन उभा केला! तो चेंडू जाणारच होता. पण जाता जाता चेंबरलेनची थोडी थट्टा झाली आणि आपल्या पोरांच्या मनावरचे ओझे उतरले. तीनदा वाढीव वेळ होऊन नॉर्थ कॅरोलायना ५४–५३ अशी एका गुणाने जिंकली.

आणि हे सगळे जुन्या काळचेच आहे असे नव्हे. २०२३ साली पर्ड्यू विद्यापीठाकडे सात फूट चार इंचांचा झॅक ईडी होता. पहिल्याच फेरीत त्यांची गाठ पडली फेअरली डिकिन्सनशी. सरासरी उंचीने त्या श्रेणीतला देशातला सर्वांत बुटका संघ. बुटके ६३–५८ असे जिंकले.

नातीने उडीच मारली. पण आजोबाने अर्धवट सांगणे बरे नव्हे. पुढच्याच वर्षी त्याच ईडीला घेऊन पर्ड्यू अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. तिथे त्याने एकट्याने ३७ गुण केले आणि तरीही कनेक्टिकटकडून ७५–६० अशी हार खाल्ली. मात्र कनेक्टिकटच्या कडीखालीही सात फूट दोन इंचांचा एक गडी होताच! म्हणजे उंच माणूस असला की जिंकलो असे नाही, आणि नसला तरी चालते असेही नाही.

आता माझी हकीगत. आमच्या अमरावतीला व्यायामाचे वेड जुने. १९१४ साली इथे स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू १९३६ साली थेट बर्लिनच्या ऑलिंपिकला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले. अशा गावात १९७३ साली मी कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा कप्तान होतो. संघ चपळ, पण सगळे साडेपाच-पावणेसहा फुटांचे. त्या वर्षी कार्तिकात मित्रांबरोबर कौंडण्यपूरच्या यात्रेला गेलो. दहीहंडीच्या गर्दीत सगळ्यांच्या डोक्यांवर एक डोके दिसले. सहा फूट चार इंच! जवळच्याच खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, आमच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला, आणि हा हिरा आमच्या नजरेतून सुटलेला! मी त्याला तिथेच धरले. महिन्याभरात तो संघात आला आणि त्याचे नाव पडले ताडोबा.

आमचे सामने सोपे झाले. चेंडू आला की ओरडायचे, “ताडोबाला दे!” मग मला लोभ सुटला. एका उंचाने एवढे होते, तर दोन उंच का नकोत? म्हणून आणखी एक सहा फुटी गडी घेतला आणि त्याच्यासाठी ज्याला बाहेर काढले, तो आमचा लिंबू. पाच फूट तीन इंचांचा, पण समोरच्याच्या काखेखालून चेंडू घेऊन निसटणारा. वहीत त्याच्या नावापुढे मी लिहिले, ‘उंची कमी’. त्याने ते वाचले, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि काही न बोलता निघून गेला.

नागपूरला अंतिम सामना झाला. समोरच्यांनी ताडोबाभोवती दोन गडी उभे केले आणि उरलेले आमच्या अंगावर सोडले. चेंडू मधल्या रेषेपलीकडे नेणारा आमच्यात कोणी उरलाच नव्हता. तो तर प्रेक्षकांतही नव्हता. ताडोबा गोंधळला, धक्के देऊ लागला आणि पाच फाउल होऊन बाहेर बसला. आम्ही सपाटून हरलो. आणि मी, कप्तान, सगळ्यांदेखत त्याला म्हणालो, “एवढा देह देवाने तुला फुकटच दिला!”

पुढच्या वर्षी त्याने मैदानात पाऊल टाकले नाही. ते वाक्य मात्र माझ्याबरोबर पन्नास वर्षे राहिले.

नातीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “मग जाऊ या ना त्यांच्याकडे.” मुलांना किती सोपे वाटते! पण गेल्या कार्तिकात आम्ही खरोखरच निघालो. कुऱ्ह्यावरून पुढे गेले की वर्धा नदी आणि काठावरचे कौंडण्यपूर येते. हे रुक्मिणीचे माहेर. तिची पालखी इथून आषाढीला पायी पंढरपूरला जाते. विदर्भाच्या राजाचे कुंडिनपूर ते हेच, असे मानतात. म्हणजे दमयंतीचेही माहेर हेच. गाडीत मी नातीला नळाची गोष्ट सांगितली. रूप पालटून आखूड हातांचा, कुरूप बाहुक झालेल्या नळाने अयोध्येच्या राजाचा रथ एका दिवसात कुंडिनपुराला आणला. त्याच्या हातांची लांबी कोणी मोजली असती, तर त्याला घोड्यांजवळ फिरकू दिले नसते! आणि वाटेत राजा ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची फळे नुसत्या नजरेने मोजून दाखवली, तेव्हा आपली अश्वविद्या देऊन नळाने ती गणिताची विद्या घेतली. वेगाला हिशेबाची जोड हवी, हे आपल्या पुराणकारांना ठाऊक होते.

ताडोबा भेटला. पाठीला बाक आला आहे, पण दारातून आत जाताना अजून वाकावेच लागते. वांग्याची भाजी आणि रोडगे पुढे आले. मी माफीचे शब्द जुळवीत होतो, तोच तो म्हणाला, “राहू द्या भाऊ. तुमी रागावले त्याचं काई नाई. पन तुमी मले चेंडू देत होते. घेतल्यावर काय करू, हे कदी सांगतलं नाई. अन् ज्याच्या हातून चेंडू नीट येत होता, त्या लिंबूले तुमी काडून टाकलं. शिडी घराले लागतेच, बाप्पा. पन शिडीचंच घर होत नाई.”

मी मान खाली घातली. पन्नास वर्षांचा अभ्यास त्याने दोन वाक्यांत संपवला होता.

मग नातीकडे वळून तो म्हणाला, “पोरी, चेंडू जमिनीवर आपटते ना? मंग तो आधी कोनाच्या हाताजवळ येते? माह्या का तुह्या?” नात हसली. संध्याकाळी आम्ही दहीहंडी पाहिली. खाली जाडजूड, वर वर लहान, आणि हंडीला हात लागला तो सगळ्यांत बारक्या पोराचा. ताडोबा काही बोलला नाही, नुसता तिच्याकडे पाहून डोळे मिचकावले.

परत येताना नातीने हिशेब मांडला. आता लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण मिळतात. अमेरिकन कॉलेजांत हा नियम १९८६ पासून आहे. जवळून तीस वेळा फेकून पंधरा पडले तर तीस गुण. लांबून तीस वेळा फेकून दहाच पडले, तरी तीसच गुण! तेव्हा कडीखाली एक उंच मैत्रीण तर हवीच, कारण हुकलेले वीस चेंडू तिनेच गोळा करायचे. पण तिला चेंडू पोचवणारी आणि लांबून नेम धरणारी, या दोघी भिंतीवरच्या रेघेने ठरत नाहीत. मला वाटते, तिच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. संघाला उंच गडी लागतो. पाच उंच गडी मात्र लागत नाहीत. आणि जो उंच आहे, त्यालाही नुसता उंच समजू नये.

लिंबूचा पत्ता मात्र मला अजून लागलेला नाही. त्याची माफी मागायची राहिली आहे. हे वाचून त्याने दोन ओळींचे पत्र टाकले, तर ही दिवाळी खरी गोड होईल.

यंदाची निवड दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे. नात रोज पहाटे अंगणात डाव्या हाताने चेंडू आपटते. वसुबारसेच्या रांगोळीचे काय होणार, या काळजीत सौभाग्यवती आहेत. भिंतीवर रेघ मारायला मात्र गेल्या महिन्यापासून मला कोणी बोलावलेले नाही.