आधी कीर्द, मग खतावणी

माझे वडील पनवेलच्या पेठेत एका तांदळाच्या वखारीत दिवाणजी होते. दिवेलागणीला ते आधी कीर्द लिहायला बसत. कोणत्या तारखेला काय आलं, काय गेलं, हे सगळं तीत उतरे. त्या नोंदी मग खतावणीत ज्याच्या त्याच्या नावावर चढत. कोणाचं खातं चोख आणि कोणाचं थकलेलं, हे त्यांना तोंडपाठ असे. तरीही कीर्द पुरी झाल्याशिवाय त्यांनी कधी खतावणी उघडली नाही.

पर्यावरणाचा विषय निघाला की आपण नेमकं उलट करतो. हा नेता निसर्गाचा मित्र, तो बिल्डरांचा माणूस, असं खातं आधी ठरतं. तारखा कोणी विचारत नाही. मी भूगोलाची शिक्षिका. पनवेल-उरण पट्ट्यातल्या एका शाळेत माझी नोकरी झाली आणि या विषयाची एक कीर्द मी वर्षानुवर्षं ठेवली आहे. तिच्यातला एकच आठवडा इथे उलगडून दाखवते. २०१० च्या नोव्हेंबरातला, सोमवार ते रविवार. तेव्हा केंद्रात पर्यावरणमंत्री होते जयराम रमेश.

सोमवार, २२ नोव्हेंबर. नवी मुंबई विमानतळाला पर्यावरण मंजुरी मिळाली.

ही नोंद लिहिताना माझा हात अडखळतो, कारण उलव्याची ती टेकडी माझ्या वर्गाचाच भाग होती. उंची सुमारे ९० मीटर. आठवीच्या मुलांना मी दर हिवाळ्यात तिथे नेत असे. वरून पनवेलची खाडी, तिला मिळणाऱ्या गाढी आणि उलवे या नद्या, मधलं खाजण आणि तिवरांचा गर्द पट्टा एका नजरेत दिसे. तिथे उभं राहिलं की समोच्च रेषा वेगळी समजावावी लागत नसे. ओहोटीला चिखलात निवट्या उड्या मारत. तरघर, कोंबडभुज्याची मुलं चिंबोरीचं बीळ कसं ओळखायचं ते मला शिकवत, आणि त्या विषयात मी त्यांची विद्यार्थिनी होते.

मंजुरीने ती टेकडी कापायची, उलवे नदी वळवायची आणि ९८ हेक्टर कांदळवन जाऊ द्यायचं ठरलं. दहा गावं उठली. पुढे सुरुंग लागू लागले. आज तिथे सपाटी आहे आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडतात.

ही रक्कम रमेश यांच्या नावे पडते. पण कीर्द इथे थांबू देत नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत या विमानतळापुरती वाट आधीच, मे २००९ मध्ये, करून ठेवलेली होती. रमेश मंत्री झाले ते त्यानंतर. शिवाय मूळ आराखड्यात गाढी नदीही वळवली जाणार होती. ती वाचली, धावपट्ट्यांमधलं अंतर कमी झालं आणि वाघिवलीकडचं कांदळवनही वाचलं. मंत्रालयाने हे सिडकोकडून मान्य करून घेतलं होतं. म्हणजे एकाच तारखेला एकाच माणसाच्या खात्यावर नावेही आहे आणि जमाही. टेकडीचं दुःख मला आजही आहे, पण म्हणून वाचलेली गाढी मी खोडून टाकणार नाही.

गुरुवार, २५ नोव्हेंबर. लवासाला नोटीस. पुण्याजवळ मोसे नदीच्या खोऱ्यात डोंगर कापून शहर उभं राहत होतं. राज्याने २००४ मध्ये परवानगी दिली होती. केंद्राची मंजुरी कुठे आहे, असं मंत्रालयाने विचारलं आणि काम आहे तिथे थांबवायला सांगितलं. ज्यांच्या पाठीशी राज्यातली वजनदार मंडळी उघडपणे उभी होती, त्यांना हा प्रश्न विचारणं सोपं नव्हतं. ही जमा मी ठळक लिहिते. पण जानेवारी २०११ च्या आदेशात नियम मोडल्याचं नोंदवूनही अटींवर विचार करायची तयारी दाखवली गेली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात, दुसऱ्या मंत्र्यांच्या काळात, पहिल्या टप्प्याला मंजुरी मिळाली. डोंगर तर आधीच कापून झाले होते.

रविवार, २८ नोव्हेंबर. जैतापूर अणुप्रकल्पाला ३५ अटींसह मंजुरी. राजापूर तालुक्यातल्या माडबनच्या सड्यावर १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या बसवायच्या होत्या. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी आठवड्याभरात भारतात येणार होते. ते आले आणि ६ डिसेंबरला करार झाला. माझ्या मते ही घाईच होती. माडबन, नाटे या गावांची माणसं आपली जमीन आणि मासेमारी यांविषयी प्रश्न विचारत असताना दिल्लीचं लक्ष पाहुण्यांच्या तारखेकडे होतं. ही नोंद संपूर्ण नावे. भट्ट्या अजून उभ्या राहिलेल्या नाहीत, पण एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे इथल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीने एक मच्छीमार गेला. ते नुकसान कुठल्याच अटीने भरून येणारं नाही.

एका आठवड्यातल्या या तीन नोंदी. आता सांगा, रमेश हिरवे की नाहीत? माझ्या विद्यार्थ्यांना मी हा प्रश्न घालत असे. दोन दिवस वाद होई, मग कोणीतरी म्हणे, ‘बाई, कोणत्या दिवशीचे?’ तो प्रश्न मला हवा असे.

त्यांच्या खात्यावर आणखीही जमा आहे. बीटी वांग्याला स्थगिती देण्यापूर्वी सात शहरांत खुल्या सुनावण्या झाल्या, त्यांपैकी एक नागपूरला. पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांची समिती त्यांनीच २०१० मध्ये नेमली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण त्याच वर्षी सुरू झालं. आणि बहुतेक मोठ्या निर्णयांची कारणं त्यांनी सविस्तर लिहून जाहीर केली. त्यांच्यावर टीका करायला जो मजकूर मला मिळाला, तो बराचसा त्यांनीच उपलब्ध करून दिलेला होता. याउलट जे मंत्री एका ओळीत मंजुरी देतात आणि कारणच लिहीत नाहीत, त्यांची नावंही आपल्याला आठवत नाहीत, आणि ते टीकेतून सुटतात. हा अन्याय आपण, टीका करणारेच करतो. गाडगीळ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला तोवर रमेश यांचं मंत्रिपद बदललं होतं. अहवाल दडपून ठेवला गेला आणि माहिती आयोग व दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेल्यावर २०१२ मध्ये तो लोकांना वाचायला मिळाला. ही नोंद दडपणाऱ्यांच्या खात्यावर हवी, पण चर्चा मात्र अहवाल लिहिणाऱ्यांवर टीका करण्यातच गेली.

‘अटींसह मंजुरी’ या शब्दांविषयीही सांगायला हवं, कारण कौतुक आणि टीका दोन्ही तिथे फसतात. समर्थक अटींची संख्या सांगतात, विरोधक फक्त मंजुरी बघतात. सरदार सरोवराला १९८७ मध्ये अशीच मंजुरी मिळाली होती. पर्यावरणाचे अभ्यास आणि पुनर्वसन बांधकामाच्या बरोबरीने चालावं, अशी अट होती. भिंत चढत गेली, पुनर्वसन मागे राहिलं. आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या ३३ गावांनी ते भोगलं. मंजुरीवर सही करणारा मंत्री दोन-चार वर्षांत जातो. अटींवर लक्ष ठेवायचं काम नंतर येणाऱ्यांचं असतं, आणि त्या कामासाठी कोणाचा सत्कार झालेला मी पाहिला नाही.

ते काम करायची सोय मात्र कायद्यात आहे. पर्यावरण मंजुरीविषयीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रत्येक मंजूर प्रकल्पाने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा असतो. तो अहवाल सार्वजनिक कागद आहे, कुणाही नागरिकाला मागता येतो. नव्या मंजुरीला आव्हान द्यायचं असेल तर हरित न्यायाधिकरणाकडे जायला साधारण ३० दिवस मिळतात, आणि पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे.

तुमच्या तालुक्यात खाण, कारखाना, धरण, रस्ता, काहीतरी असेलच. येत्या १ जूनला त्यातल्या एकाचा अहवाल मागा. अट क्रमांक एकपासून वाचा, कागद हातात घेऊन त्या जागी जा आणि जे दिसेल ते तारीख घालून वहीत लिहा. नेत्याचं नाव शेवटी लिहा.