पडद्यावरची खतावणी

राजारामपुरीतील आमच्या दुकानात रोजकीर्द आणि खतावणी हाताने लिहिली जात असे, तो काळ अण्णांनी पाहिला आहे. अक्षर बारीक वाटले तर वही उचलून दिव्याजवळ न्यावी, एवढाच उपाय होता आणि तो पुरेसा होता. हिशेब संगणकावर आले आणि अण्णांचे हिशेब पाहणे हळूहळू थांबले. त्यांना संगणकाचा कंटाळा आहे, असे आम्ही धरून चाललो. गेल्या मार्चअखेरीस खरे कारण कळले. उधारीच्या यादीतील ८,३०० त्यांनी ३,३०० असे वाचले आणि गिऱ्हाइकाकडे तेवढेच मागितले. "अरे, तीन आणि आठ मला आता सारखेच दिसतात," ते म्हणाले.

दोष केवळ चाळिशीचा नव्हता. यादी तयार करणाऱ्या पुतण्याचा पडदा मोठा. एका नजरेत सारे रकाने दिसावेत म्हणून त्याने झूम ७० टक्क्यांवर ठेवला होता. एक्सेल हे प्रमाण फाइलसोबतच जतन करते. त्यामुळे त्याची सोय अण्णांच्या लहान लॅपटॉपवर अडचण होऊन उघडत असे.

उपाय सोपा आहे. कंट्रोलची कळ दाबून माऊसचे चाक फिरवावे, अथवा खाली उजव्या कोपऱ्यातील पट्टी सरकवावी. १० ते ४०० टक्क्यांपर्यंत प्रमाण बदलता येते; अण्णांना १४० मानवले. मथळ्याची ओळ वर सरकून दिसेनाशी होऊ नये म्हणून 'व्ह्यू'मधील 'फ्रीझ पेन्स' वापरावे. मात्र प्रमाण प्रत्येक शीटचे स्वतंत्र असते. बारा महिन्यांच्या बारा शीट एकदम मोठ्या करायच्या, तर खालच्या नावावर उजवी कळ दाबून 'सिलेक्ट ऑल शीट्स' निवडावे आणि काम होताच आठवणीने 'अनग्रुप शीट्स' करावे. हे विसरल्यास एका महिन्यात लिहिलेला आकडा बाराही महिन्यांत त्याच जागी उमटतो, आणि तो घोळ निस्तरणे जिवावर येते.

नवी फाइल मात्र पुन्हा १०० टक्क्यांवरच उघडते, आणि हे कायमचे बदलणारे साधे बटण एक्सेलमध्ये नाही. त्यासाठी कोरी फाइल हव्या त्या प्रमाणावर ठेवून ती 'बुक' या नावाने टेम्प्लेट म्हणून 'एक्सएलस्टार्ट' या फोल्डरमध्ये जतन करावी. फोल्डर शोधण्याचे काम घरातील तरुणावर सोपवावे. त्यानंतर कंट्रोल आणि एन दाबून उघडलेली फाइल त्याच प्रमाणात येते. जुन्या फाइली आपोआप बदलत नाहीत.

झूम वाढवल्याने कागदावरचे अक्षर मोठे होत नाही, हेही ध्यानात असावे. छापील यादी लागत असेल, तर अक्षराचा आकारच ११ वरून १४ करणे बरे.

आता अण्णा सायंकाळी पुन्हा गल्ल्याशेजारी बसून हिशेब पाहतात. परवा त्यांनी पुतण्याला हाक मारली आणि पडद्यावर बोट ठेवून विचारले, "या बिलात हमाली दोनदा का धरली आहे?"