ध्यानीमनी नसलेल्यांनी गाजवलेली पुण्याची मैदानं

खडकवासल्याच्या चौपाटीवर कांदाभजी खाता खाता क्रिकेटचा विषय निघाला, की वानखेडे आणि ईडन गार्डन्सच्या पुढे गाडी सरकत नाही. अहो, आपल्या पुण्याचं काय? इथली खासियत अशी, की जो कुणाच्या ध्यानीमनी नसतो, तोच मैदान मारतो!

आठ आण्यांची विकेट
१८९० च्या दशकात पळवणकर बाळू पूना क्लबच्या मैदानाची देखभाल करत, नेटमध्ये गोऱ्या साहेबांना चेंडू टाकत. आपल्याला बाद केलं की कॅप्टन ग्रेग त्यांना आठ आणे देई, असं सांगतात. पुढे ते हिंदू संघाकडून खेळू लागले, पण दलित म्हणून त्यांचा चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी टिपले.

संस्कृतचे प्राध्यापक, २४६ धावा
स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे दि. ब. देवधर यांनी रणजीत मुंबईविरुद्ध पुण्यात २४६ धावा ठोकल्या. वय? अवघं ४८! त्यांच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सलग दोनदा, १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये, रणजी करंडक जिंकला.

फक्त नऊ धावा!
डिसेंबर १९४८, पूना क्लब. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम हाकेच्या अंतरावर. महाराष्ट्राचा धावफलक ४ बाद ८२६! आता डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघतो, असं काठियावाडच्या कर्णधाराने बजावलं आणि संघ खरंच स्टेशनकडे निघून गेला. प्रथम श्रेणीत चारशेचा टप्पा गाठणारे निंबाळकर आजही एकमेव भारतीय. तरीही त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही, ही हळहळ जात नाही.

केनियाचा दणका
२९ फेब्रुवारी १९९६, विश्वचषक, स्वारगेटचं नेहरू स्टेडियम. केनिया सर्वबाद १६६. वेस्ट इंडिजला हे म्हणजे किरकोळच! पण लारा ८ धावांवर यष्टिरक्षकाच्या हाती सापडला आणि दोन वेळच्या जगज्जेत्यांचा खेळ ९३ धावांत खल्लास.

गहुंजेचा हिसका
गहुंजे स्टेडियमची पहिली कसोटी फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांतच ६-६ बळी घेतले. भारत १०५ आणि १०७, तिसऱ्याच दिवशी निकाल! २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने १३ बळी घेत भारताची मायदेशातली सलग १८ मालिकाविजयांची घोडदौड इथेच रोखली.

पण आपला गडीही गाजला
जानेवारी २०१७, हेच मैदान, इंग्लंडविरुद्ध ३५१ चं लक्ष्य, भारत ४ बाद ६३. अशा वेळी पुण्याच्या केदार जाधवने ७६ चेंडूंत १२० धावा कुटल्या. कोहलीचंही शतक झालं आणि सामना खिशात!

पाण्याचा पेच
२०१८ मध्ये कावेरीच्या पाणीवादामुळे चेन्नईचे आयपीएल सामने पुण्यात आले. इथेही पाणी आडवं आलंच: मैदानासाठी पवनेचं पाणी घेण्याला उच्च न्यायालयाने मनाई केली.

पुढच्या सामन्याला गहुंजेला जाल, तेव्हा वाटेत पोराबाळांना बाळू आणि भाऊसाहेबांची गोष्ट नक्की सांगा. कोहली-रोहितची नावं त्यांना पाठच असतात. ही दोन नावं मात्र आपणच पोचवायची आहेत.