तैनाती फौजेचे मोल

मांजरा नदी आपण बीदरकर नित्य पाहतो. हिच्याच काठाने १७९५ साली निजाम अलीचे सैन्य मराठ्यांवर चालून गेले आणि ११ मार्च रोजी खर्ड्यास पराभूत झाले. इंग्रज साह्यास येतील ही त्याची आशा फोल ठरली. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर तटस्थ राहिले. तेव्हा निजामाने रेमंड या फ्रेंच सरदाराच्या कवायती पलटणी वाढविल्या.

त्या काळी युरोपात इंग्लंड व फ्रान्स यांचे युद्ध पेटले होते. १७९८ साली नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला. फ्रेंचांचा हिंदुस्थानात शिरकाव होऊ नये म्हणून लॉर्ड वेलस्लीने १ सप्टेंबर १७९८ रोजी निजामाशी तह केला. कंपनीच्या सहा पलटणींची तैनाती फौज ठरली आणि ऑक्टोबरात फ्रेंच सरदारांची सुमारे चौदा हजारांची फौज निःशस्त्र झाली. फौज कंपनीची, खर्च मात्र निजामाचा : वर्षाला सुमारे २४ लाख रुपये! १८०० च्या तहाने या खर्चापोटी त्याचा मुलूख गेला, आणि परराज्यांशी स्वतंत्रपणे बोलणी करण्याची मोकळीकही गेली. १८०२ साली वसईस दुसऱ्या बाजीरावानेही असाच तह पत्करला.

या मैत्रीने निजामाचे राज्य १९४८ पर्यंत टिकले, हे कोणी म्हणेल तर ते खरेच आहे. परंतु राज्य टिकले तरी स्वातंत्र्य उरले नाही. म्हणून वादसभेत लष्करी कराराची बाजू मांडताना आपण तीन प्रश्न आधी विचारावे : फौज कोणाची, हुकूम कोणाचा आणि खर्च कोणाचा?