धडधड भुकेची की भीतीची?

पुण्यात सदाशिव पेठेत मेस लावून राहणाऱ्या मुलांना एक वेळापत्रक पाठ असतं: रविवारी दुपारी फीस्ट, रात्री मेस बंद. मग वडापाव, मॅगी, नाहीतर नुसता चहा. सोमवारी अभ्यासिकेत जागा पकडायच्या घाईत नाश्ता बुडतो, टपरीवर दोन-तीन कटिंग होतात आणि अकराच्या सुमाराला पुस्तकासमोर हात थरथरू लागतात, छातीत धडधडतं. परीक्षेचं टेन्शन आलं, असं मुलगा ठरवून टाकतो.

असेलही. पण रक्तातली साखर फार खाली आली की ती वर आणायला शरीर ॲड्रेनलिन सोडतं. माणूस घाबरला की सुटतं तेच. निरोगी माणसाचं यकृत साखर बरीच सांभाळून घेतं, एक नाश्ता चुकला म्हणून कुणी कोसळत नाही. खरी गडबड होते ती उपाशीपोटी कॅफिनची भर पडल्यावर. मेंदूत दिवसभर साठत जाणाऱ्या ॲडेनोसिनमुळे झोप येते. कॅफिन नेमकी त्याची जागा अडवतं. थकवा जात नाही, कळेनासा होतो इतकंच. घेतलेल्या कॅफिनमधलं निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री नऊच्या कॉफीतलं निम्मं दोन वाजताही जागंच. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं असं मानतात, पण काहींना त्याहून कितीतरी कमी घेऊनही घाबरल्यासारखं होतं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात कॅफिनमुळे होणाऱ्या चिंताविकाराची स्वतंत्र नोंदच आहे.

अर्धपोटी राहिल्यावर मनाचं काय होतं, हे १९४४-४५मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी पाहिलं. ३६ धडधाकट तरुणांचा आहार सहा महिने जवळपास निम्म्यावर आणला. वजन घटलंच, शिवाय ते चिडचिडे, उदास, अस्वस्थ झाले. काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे.

उलट प्रयोग सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठाने २०१९मध्ये प्रसिद्ध केला. नैराश्याची लक्षणं असलेल्या, निकृष्ट खाणाऱ्या ७६ तरुणांपैकी निम्म्यांना तीन आठवडे भाज्या, फळं, अख्खी धान्यं, मासे, सुकामेवा खायला सांगितलं; यादीत हळद आणि दालचिनीही होती, तेव्हा आपल्याकडच्या आज्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. या गटात नैराश्य कमी झालेलं दिसलं. मात्र आपण कोणत्या गटात आहोत हे प्रत्येकाला ठाऊक होतं, त्यामुळे आशेचा वाटा किती आणि भाजीचा किती, हे सांगणं अवघड. चिंतेबाबत तर पुरावा आणखी तोकडा आहे. शिवाय चिंतेनेही भूक मरते, नाहीतर चिवड्याचा डबा रिकामा होतो. नुसत्या पाहणीतून आधी काय घडलं ते कळत नाही. म्हणून ‘मूड सुधारणाऱ्या’ पावडरी विकणाऱ्यांकडे मी तरी संशयानेच बघतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सहज निसटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे. धाप, धडधड, थकवा ही त्याचीही लक्षणं. समुपदेशकाकडे जरूर जावं, सोबत हिमोग्लोबिनही तपासून घ्यावं. शाकाहारी असाल तर बी-१२सुद्धा. मेसच्या पातळ आमटीत प्रथिनं जेमतेम असतात, आणि अंड्याचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे द्यावे लागतात.